मनसराच्या चुलीवरचा अळणी भात

चुत्रेपाटी गावात सत्तावीस वर्षांच्या आतला असा एकही माणूस सापडायचा नाही, ज्याच्या जिभेवर मनसराच्या हातचे थेंब पडलेले नाहीत. पोलिओचा डोस तिच्या हातचा. वैशाखात आणि कार्तिकात ‘अ’ जीवनसत्त्वाची लाल कुपी यायची, तिचे टोक कात्रीने उडवून पोरांच्या तोंडात पिळायची, तीही मनसरानेच. कात्री तिच्या नवऱ्याने स्वतःच्या भट्टीत घडवलेली. अंगावर आरोग्य स्वयंसेविकेची आकाशी साडी, पायात प्लास्टिकच्या चपला, आणि ही साठीची बाई असे डोंगर चढायची की मागून येणाऱ्या तरुण नर्सची जीभ बाहेर यायची.

आणि एवढे सगळे करून गावातले एकही छेत्री-बामणाचे घर तिच्या हातचे पाणी पीत नव्हते. थेंब चालायचे, पाणी चालायचे नाही. हा न्याय कुठल्या पोथीतला ते पोथीलाच ठाऊक. मनसरा कामी, म्हणजे लोहाराच्या जातीची. ती कोणाच्या उंबऱ्याच्या आत जात नसे, अंगणाच्या कडेला उभी राहून तिथूनच औषध सांगायची, तिथूनच बाळंतिणीला ओरडायची.

ती या कामाला लागली कशी, हे ती सगळ्यांना एकाच सुरात सांगे, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट असावी. एका श्रावणात, एकाच आठवड्यात, तिची दोन पोरे जुलाबाने गेली. “मीठ घरात होतं, साखर घरात होती, पाणी तर दारात वाहत होतं,” ती म्हणायची. “ते तिन्ही एकत्र करून पाजायचं असतं, एवढंच मला कोणी सांगितलं नव्हतं.” पुढच्या वर्षी स्वयंसेविका निवडायला माणसे आली तेव्हा बिनपगारी काम म्हणून कोणी हात वर करेना. मनसराने केला. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिच्या वहीत चित्रे आहेत, पोटुशी बाई, आजारी मूल, मेलेले मूल, आणि प्रत्येक चित्राखाली ती रेघा ओढते.

यामकला खड्का याच गावाची सून. तिची मुलगी निरुता मनसराच्या डोळ्यांदेखत वाढली, तिच्याच थेंबांवर. पण यामकलाही इतरांसारखीच होती. मनसरा येऊन गेली की सासू अंगणात पाणी शिंपडायची, आणि यामकला तो तांब्या भरून द्यायची. कधी त्यावर विचार केला नाही. करावा असे तिला वाटलेही नव्हते.

निरुता पंधरा वर्षांची, नववीत. तिचा बाप टेकबहादुर सहा वर्षे कतारमध्ये होता. दसऱ्याला येणार येणार म्हणता आला नाही, आणि दसऱ्यानंतर आठव्या दिवशी रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. एक्केचाळीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस. कारण काय, तर कागदावर ‘हृदय बंद पडले’ एवढेच लिहून आले. ते काय, सगळ्यांचेच पडते शेवटी. तीन आठवड्यांनी पेटी आली. पेटी पाहून निरुताची शुद्ध हरपली, तेव्हा सासू म्हणाली की पोरीने हे बघू नये, आणि तिला तशीच मामाच्या गावी धाडली. क्रिया चुलतभावाने केली. तेरा दिवस घर अळणी जेवले, आणि निरुता परत आली तेव्हा सगळे आटोपले होते. भांडीही घासून फळीवर गेली होती.

पेटीसोबत टेकबहादुरची बॅग आली. तिच्यात एक नवा मोबाईल, खोक्यासकट, वरचा कागदही न काढलेला. यामकलाने तो निरुताच्या उशाशी ठेवला. “तुझ्यासाठीच घेतला असणार बाबांनी. वापर की.” निरुता वापरेना. यामकला रोज खोका पुसून पुन्हा उशाशी ठेवी. आईच्या मायेला कोण सांगणार की ठेवू नकोस म्हणून.

माघात शाळेत निरुता पडली. प्रार्थनेच्या रांगेत ताठ उभी होती ती धाडकन खाली, दात घट्ट, मुठी वळलेल्या. तिला उचलायला धावलेली दुसरी पडली. मग तिसरी. त्या दिवशी बारा मुली पडल्या. पोरींना बाहेरचे लागले, शाळेची जागाच वाईट, असे सगळे म्हणू लागले. मंतरणारा झाँक्री आला, रात्रभर ढोल वाजवला, बोकड कापला, तीन दिवस शाळा बंद राहिली. अकरा मुली बऱ्या झाल्या. निरुता झाली नाही. ती बोलायची थांबली. खायला दिले तर दोन घास चिवडून ताट बाजूला सारी. मग गाव म्हणू लागले की मूळ तीच. वडाची साल पिंपळाला लावण्यात आमचे गाव पटाईत. पोरींच्या आया मास्तरांकडे गेल्या, “हिला शाळेत घेऊ नका, नाहीतर आम्ही आमच्या पाठवत नाही.” यामकलाला दिसत होते की तिची मुलगी दिवसागणिक हातातून सुटत चालली आहे, आणि धरायचे कसे ते तिला कळत नव्हते.

ज्योतिषी बाजेंनी पत्रिका पाहिली. “दशा वाईट आहे,” ते म्हणाले. “मितेरी लावा. कोणातरी मुलीला हिची मितिनी करा. दोघींचं भाग्य जोडलं की भार वाटला जातो.”

हा उपाय इकडे नवा नाही. समोरासमोर बसायचे, एकमेकींना टिळा लावायचा, माळ घालायची, सुपारी-नाणे बदलायचे. त्यानंतर दोघी जन्माच्या बहिणी. भांडायचे नाही, नाव घ्यायचे नाही, तू-तुकार करायचा नाही. एकीची आई ती दुसरीची आई, एकीचे सुतक ते दुसरीचे सुतक. लावलेली मितेरी सोडता येत नाही, तिला काडीमोड नाही.

मुलगी ठरली वरच्या वाडीतली सुबानी गुरुङ, निरुताच्याच वर्गातली. सासूने नाक मुरडले, “गुरुङांची?” तेव्हा बाजे चिडून म्हणाले, “म्हातारे, मितेरीत जात बघत नसतात. शास्त्रात कुठं लिहिलंय दाखव.” हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडणार होते.

फाल्गुनातला शनिवार होता. चौतारीवर, म्हणजे पिंपळाच्या पारावर, दोन चटया समोरासमोर घातल्या. दोन ताटे, टिळ्याची दही-अक्षत, झेंडूच्या दोन माळा. निरुता एका चटईवर बसली, मान खाली. अर्धे गाव जमलेले. दुसरी चटई रिकामी. बाजे घड्याळ बघताहेत. उन्ह चटईवरून सरकले. शेवटी सुबानीचा धाकटा भाऊ धापा टाकत आला आणि सगळ्यांसमोर ओरडून म्हणाला, “आई म्हणते ताईला नाही पाठवत! भार वाटायचा तर दुसऱ्या कोणावर टाका म्हणते!”

 यामकलाला वाटले, जमीन दुभंगावी आणि आपल्याला लेकीसकट पोटात घ्यावे. निरुताने मान वर केली नाही, पण तिचे खांदे एवढेसे झाले. बाजेंनी घसा साफ केला. “मुहूर्त टळायला नको. हरकत नाही. झाडाशी लावू मितेरी. पिंपळाशी. चालतं तेही.”

“हो, हो, पिंपळच बरा,” दोन-तीन जणी सुटल्यासारख्या म्हणाल्या.

तेवढ्यात गर्दीच्या पार मागून, जिथे ती नेहमी उभी असायची तिथून, मनसराचा आवाज आला. “पिंपळ बोलणार आहे का तिच्याशी?”

आणि ती पुढे आली. गर्दीने वाट दिली ती आदराने नव्हे, शिवाशिव नको म्हणून. आली, चपला काढल्या, आकाशी साडीचा पदर खोचला आणि रिकाम्या चटईवर मांडी घालून बसली.

“अगं ए!” सासू किंचाळली. “ऊठ! कामीण मेली, कुठं बसतेस?”

“मितेरीत जात बघत नाहीत म्हणाले ना बाजे,” मनसरा म्हणाली. “की ते फक्त गुरुङांपुरतं होतं?”

बाजे पंचांग चाळू लागले. कोणीतरी मागे फिसकन हसले. सासू उठवायला पुढे निघाली, आणि मग जे झाले ते यामकला मरेपर्यंत विसरणार नाही. निरुताचा हात उचलला गेला. चाळीस दिवस ज्या हाताने पाण्याचा तांब्या आपण होऊन उचलला नव्हता, त्या हाताने ताटातली दही-अक्षत घेतली आणि मनसराच्या सुरकुतलेल्या कपाळावर चेपून लावली. जोरात लावली. दोन दाणे नाकावर ओघळले.

मनसराने दोन्ही हात जोडले आणि पंधरा वर्षांच्या पोरीपुढे मान लववली. “नमस्कार, मितिनीज्यू. तुम्ही मला घेतलंत, माझं भाग्य.”

तुम्ही. निरुताला आजवर कोणी तुम्ही म्हटले नव्हते. शाळेत ए, घरात अगं, गेल्या महिन्यात तर नुसते ‘ती’.  यामकलाला भीती वाटत होती, लाज वाटत होती आणि त्याच्याही वर कसलेतरी मोठे आश्चर्य तिच्या छातीत भरून आले होते.

घरी महाभारत झाले. सासूने सोन्याची अंगठी बुडवलेले पाणी नातीवर तीनदा शिंपडले आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. पण लागलेला टिळा पाण्याने जात नाही, हे तिलाही माहीत होते. गावाने आठवडाभर हसून घेतले. यामकलाला पाण्याच्या धाऱ्यावर बायका चिडवायच्या, “काय गं, साठीची लेक झाली म्हणे! पाचवी कधी घालतेस?”

आणि ती साठीची लेक रोज सकाळी अंगणाच्या कडेला हजर. यामकलाला बघून म्हणायची, “नमस्कार आई.” छत्तीस वर्षांच्या बाईला! यामकलाला हसावे की पळावे कळेना. मग मनसरा ओटीकडे तोंड करून विचारी, “मितिनीज्यू, झोप लागली का तुम्हाला?” उत्तर नाही. “बरं. मला पण नाही लागली. गुडघा ठणकत होता.” अर्धा तास बसायची. बहुतेक वेळ गप्पच.

एकदा जिल्ह्याच्या गावी तिला वयात आलेल्या पोरांच्या मनाबद्दल तीन दिवसांचे शिबिर मिळाले होते. त्यातले तिला किती कळले देव जाणे. “डॉक्टरीणबाईनं पुष्कळ सांगितलं,” ती यामकलाला म्हणाली. “माझ्या ध्यानात दोनच राहिलं. ऐकताना मध्ये तोंड घालायचं नाही. आणि विचारायचं ते सरळ विचारायचं.”

आणि तिने विचारलेही सरळ. चौथ्या-पाचव्या दिवशी, “मितिनीज्यू, मरावंसं वाटतं का तुम्हाला?”

यामकलाच्या हातातले सूप खाली पडले. “अगं दिदी, काय हे! पोरीच्या डोक्यात भरवतेस का असलं?”

“विचारल्यानं येत नाही ते, आई. आलेलंच असतं. न विचारलं की आत एकटं बसून राहतं.”

निरुताने जमिनीकडे बघितले. मग मान हलवली. हो.

यामकला देवाचे नाव घेत रडू लागली. मनसरा मात्र तशीच बसून. रडली नाही, देवाचे नाव घेतले नाही, धमकावले नाही. म्हणाली, “सांगितलंत, बरं केलंत. एक आपलं लक्षात असू द्या. मितिनी मेली की मितिनीला मीठ सोडावं लागतं. मला आधीच साखर आहे, प्रेशर आहे, डॉक्टरनं भात कमी केलाय, गोड बंद केलंय. मीठ तेवढं उरलंय तोंडाला. तेही नेणार का तुम्ही?”

आणि निरुताच्या ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी झाले. हसू म्हणण्यासारखे नव्हते ते. पण यामकलाने पाहिले.

दुसऱ्याच दिवशी मनसराने दोघींना जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी परत बोलावले. गोळ्यांनी झोप येऊ लागली, थोडे जेवण जाऊ लागले. मनसरा गोळ्या मोजून घेई. “गोळी तिचं काम करते, मितिनीनं मितिनीचं करावं,” म्हणायची. रात्री निरुता आईच्या कुशीत झोपे, आणि घरातले कोयते-दोऱ्या मनसराच्या सांगण्यावरून शेजारच्या गोठ्यात गेले. पण पोर बोलत नव्हती.

वैशाख लागला. लाल कुप्यांचा दिवस आला. मनसराने अंगणातून हाक दिली, “मितिनीज्यू, मला वाचता येत नाही, यंदा नर्स रजेवर आहे. नावं कोण लिहील?” निरुता उठली. यामकलाही निघाली, सोबतीला म्हणून दहा पावले मागे.

दिवसभर घरोघर. मनसरा कात्रीने टोक उडवी, पोराचे गाल दाबी, थेंब पिळी. निरुता नाव लिही. ज्या आयांनी तिला शाळेत घेऊ नका म्हटले होते, त्यांना तिच्या पुढ्यात बसून पोराचे वय सांगावे लागत होते. दुपारी उतारावरच्या चिलाउनेच्या झाडाखाली दोघी टेकल्या. यामकला वळणाआड, दगडावर. तिथून तिला लेकीचा आवाज ऐकू आला. घोगरा, वापरात नसलेला.

“मितिनीज्यू, बाबांना मी मारलं.”

मनसराने कात्री खाली ठेवली.

“फोनवर त्यांनी विचारलं होतं. दसऱ्याला येऊ, की मोबाईल पाठवू? दोन्ही नाही जमणार म्हणाले. मी म्हटलं मोबाईल.” थांबली. “मी म्हटलं, मोबाईल पाठवा, तुम्ही पुढच्या वर्षी या. ते हसले. आले असते तर घरी असते ना त्या दिवशी. आई रोज तो खोका माझ्या उशाशी ठेवते. रोज पुसून ठेवते.”

वळणाआड यामकलाने पदर तोंडात कोंबला. रोज. आपल्या हाताने. पुसून. तिला धावत जाऊन लेकीचे पाय धरावेसे वाटले. पण मध्ये तोंड घालायचे नाही हे तिनेही आता ऐकलेले होते. ती दगडाला धरून बसून राहिली.

 मनसराने ‘तुमची चूक नाही’ असे म्हटले नाही. ते म्हणायला जग होते. ती म्हणाली, “आपल्या बापाला जाळलं तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

“मामाकडं. पाठवलं मला.”

“म्हणजे तुम्ही काही धरलंच नाही. ना मीठ सोडलं, ना कोपऱ्यात बसलात.” मनसराने कुप्यांची पिशवी बंद केली. “मीही नाही. तेव्हा मी मितिनी नव्हते, पण आता आहे. तुमचा बाप तो माझाही बाप. म्हणजे मोबाईल मागणारी तुम्ही एकटी नाही, आपण दोघी लेकी. माझी दोन पोरं गेली तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं मीही म्हणत आले, मी मारली. एकटीनं म्हटलं की ते वाढत जातं. उद्यापासून तीन दिवस आपण बापाचं सुतक धरू. माझ्या घरी.”

साठीच्या बाईने एक्केचाळिशीच्या माणसाचे सुतक धरले, बाप म्हणून. गावाने पुन्हा हसायची तयारी केली, पण यावेळी हसू आले नाही कोणाला. भट्टी बंद. मनसरा पांढरे नेसून चुलीशेजारी गवतावर बसलेली, शेजारी निरुता. एक वेळ भात, तुपाचा थेंब, मीठ नाही. सासू पहिल्या दिवशी आदळआपट करीत होती, दुसऱ्या दिवशी गप्प झाली. तिचाही मुलगाच होता तो.

दुसऱ्या दिवशी सुबानीही आली होती म्हणे. आईला चोरून. दारात उभी राहून रडली. निरुताने तिला बसायला गवत दिले आणि म्हणाली, “बसा तुम्ही.” सुबानीला वाटले ही चेष्टा करते. निरुता चेष्टा करत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी यामकला निघाली. सुतक फिटताना आईने ताटात मीठ घालायचे असते, आणि या दोघींची आई तीच. ओंजळीएवढी मिठाची पुडी पदरात बांधून ती कामींच्या वस्तीत उतरली, ओटीपर्यंत आली आणि सवयीने थबकली. मग आत गेली.

चुलीपुढे मोबाईलचा खोका उघडा होता. कागद फाडलेला. फोन भिंतीला चार्जिंगला लावलेला. आणि निरुता जेवत होती. चिवडत नव्हती, जेवत होती. मोठमोठे घास, अळणी भाताचे, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुसायलाही थांबत नव्हती.

“या आई,” मनसरा म्हणाली. “मीठ घाला.”

यामकलाने दोन्ही ताटांत चिमटीने मीठ घातले.  या बाईजवळ ना अक्षर, ना पैसा, ना जात. आणि हिने नुसते शेजारी बसून आपली पोर परत आणली, हे तिच्या मनात मावेना. तिने पुडी बांधली, आणि जायचे सोडून गवतावर टेकली.

“मलाही वाढ,” ती म्हणाली.

मनसराचा हात पळीवरच थांबला. “आई, कामीच्या चुलीवरचा भात आहे हा. पाणी नव्हे, भात. घरी काय सांगाल?”

“सांगेन, माझ्या दोन्ही लेकी जेवत होत्या,” यामकला म्हणाली. “मी काय दारात उभी राहू?”

मनसराने एक ताट घेतले, राखेने घासले, धुतले, पुन्हा धुतले. मग भात वाढला, आणि वाढताना पहिल्यांदाच तिला पदराने डोळे पुसावे लागले.